कंपनीच्या मेल आयडीने सगळीकडे लॉगिन: आधी यादी, मग सेटिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या अंबडमध्ये ऑटो पार्ट्सचा कारखाना, दीडशेच्या आसपास माणसे. मेल गूगल वर्कस्पेसवर, ईआरपी (खरेदी, स्टोअर, उत्पादन सांभाळणारे सॉफ्टवेअर) ऑफिसातल्याच सर्व्हरवर, एचआरचे आणि तक्रारी नोंदवायचे सॉफ्टवेअर क्लाउडवर. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, त्यामुळे रोज कुणीतरी ‘रिसेट करून द्या’ म्हणत आयटीच्या टेबलापाशी उभा. त्यातच ऑडिटमध्ये निघाले की नोकरी सोडून सिन्नरच्या कंपनीत गेलेल्या माणसाचे ईआरपी लॉगिन अजून चालू आहे. मालकांचा आदेश झाला: कंपनीच्या मेल आयडीनेच सगळे उघडले पाहिजे. सुरुवात कुठून करायची?

सेटिंगपासून करू नका. सेटिंगचे काम एका दुपारचे आहे. माणसांची यादी नीट करायला मात्र आठवडे जातात, आणि सिंगल साइन-ऑन, म्हणजे एकाच लॉगिनने सगळे उघडणे, फसते ते बहुतेक वेळा तिथेच.

आधी हे चालते कसे ते सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. सातपूर-अंबडच्या कुठल्याही मोठ्या कारखान्यात गेटवर ओळख पटवली की पास मिळतो. स्टोअरचा माणूस तुमचे आधार कार्ड पुन्हा मागत नाही. पास आपल्याच गेटने दिलाय का, त्यावर सही आहे का, वेळ संपली नाही ना आणि पास स्टोअरसाठीचाच आहे ना, एवढेच तो बघतो. इथे गेट म्हणजे गूगल आणि स्टोअर म्हणजे तुमची ईआरपी. माणूस पासवर्ड फक्त गूगलला देतो. गूगल सही केलेला एक डिजिटल पास ब्राउझरमार्फत ईआरपीकडे पाठवते आणि ईआरपी त्याच चार गोष्टी तपासते: कुणी दिला, सही, मुदत, कुणासाठी. यातली एक जरी तपासणी सॉफ्टवेअरवाल्याने गाळली असेल, तर बनावट, शिळा किंवा दुसऱ्याच ॲपसाठी दिलेला पास तुमच्याकडे चालून जाईल. म्हणून लॉगिनचा कोड घरी लिहिण्याच्या भानगडीत पडू नका, तयार आणि प्रचलित लायब्ररी (इतरांनी लिहून तपासलेला कोड) वापरा.

पासाचे दोन प्रकार चलनात आहेत. सॅमल २.० हे २००५ सालचे, एक्सएमएलवर चालणारे. मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तेच दिसते. ओपनआयडी कनेक्ट २०१४ मध्ये आले, ते ओऑथ २.० या परवानगी देण्याच्या मानकावर उभे आहे. ‘साइन इन विथ गूगल’ हे बटण म्हणजे तेच. सॉफ्टवेअर दोन्ही देत असेल तर दीडशे माणसांच्या कंपनीने ओपनआयडी कनेक्ट घ्यावे असे माझे मत आहे. त्यात बिघडण्यासारखे कमी असते आणि बिघडले तर लवकर सापडते. फक्त सॅमलच देत असेल तर सॅमल घ्या, त्यातही घाबरण्यासारखे काही नाही.

आता यादी. गूगलच्या ॲडमिन कन्सोलमधून सगळ्या खात्यांची फाइल काढा, एचआरकडून पगारपत्रकातल्या नावांची घ्या, प्रत्येक सॉफ्टवेअरमधली युजरांची घ्या, आणि सगळ्या एका शीटमध्ये शेजारी ठेवा. मग गंमत बघा. ईआरपीत निम्मी खाती माणसांच्या घरगुती जीमेलवर उघडलेली निघतील, कारण सुरुवातीला कुणीतरी घाईत तशीच केली होती. लग्नानंतर आडनाव बदललेल्या ताईंचा मेल नव्या नावाने असेल आणि ईआरपीतला जुन्या. एकच माणूस ‘डॉट इन’ आणि ‘डॉट कॉम’ अशा दोन डोमेनवर सापडेल. ‘स्टोअर’, ‘डिस्पॅच’, ‘अकाउंट्स’ अशा नावांचे मेल आयडी चार-चार जण एकाच पासवर्डने वापरत असतील. आणि साहेबांचा पासवर्ड त्यांच्या पीएंना पाठ असेल.

या शेवटच्या दोन गोष्टी आधी सोडवाव्याच लागतात. सामायिक मेल आयडी सिंगल साइन-ऑनला जोडला की ईआरपीत खरेदी ऑर्डर कुणी मंजूर केली याचे उत्तर ‘अकाउंट्स’ असे मिळते, म्हणजे मिळतच नाही. अशा आयडीचे गूगल ग्रुप करा, मेल सगळ्यांना पोहोचेल आणि लॉगिन मात्र ज्याचे त्याचे राहील. साहेबांसाठी जीमेलमध्येच डेलिगेशनची सोय आहे. पीए स्वतःच्या खात्यातून त्यांची मेल वाचू-पाठवू शकतात, पासवर्ड सांगावा लागत नाही. हे साहेबांना समजावण्याचे काम आयटीच्या मुलावर टाकू नका, ते मालकांनीच करावे.

घरगुती जीमेलवरची खाती कंपनीच्या आयडीवर आणताना नवे खाते उघडायचे नाही. जुन्याच खात्याचा मेल बदलायचा, नाहीतर त्या माणसाच्या नावावरच्या नोंदी आणि प्रलंबित मंजुऱ्या अनाथ होतात.

माणूस ओळखायचा कशावरून, हाही प्रश्न आत्ताच ठरवून टाका. बहुतेक सॉफ्टवेअर मेल पत्त्यावरून जुळवतात. पण पत्ता बदलतो आणि, त्याहून वाईट, पुन्हा वापरला जातो. जुना स्टोअर इन्चार्ज गेला, त्याचे गूगल खाते डिलीट झाले, वर्षभराने त्याच नावाचा नवा मुलगा आला आणि त्याला तोच पत्ता दिला, की तो पहिल्याच दिवशी जुन्या माणसाच्या सगळ्या अधिकारांसह ईआरपीत शिरतो. गूगलच्या पासात ‘सब’ नावाचा एक क्रमांक असतो. तो त्या खात्याचा कायमचा असतो, दुसऱ्या कुणाला दिला जात नाही. मेलऐवजी तोच ओळख म्हणून वापरा असे गूगलही सांगते. सॉफ्टवेअर त्यावर जुळवू देत असेल तर तसेच करा. सॅमलमध्ये कर्मचारी क्रमांक वेगळा गुणधर्म म्हणून पाठवता येतो, तोही चालेल. यातले काहीच जमत नसेल तर गेलेल्या माणसाचा पत्ता पुन्हा कुणाला द्यायचा नाही, असा साधा नियम एचआरला लिहून द्या.

शॉप फ्लोअरवरच्या ज्या लोकांना कंपनीची मेलच नाही, त्यांचे काय? दोन वाटा आहेत. गूगलचे क्लाउड आयडेंटिटी फ्री घेतले तर जीमेलशिवाय नुसते खाते मिळते; सुरुवातीला अशा ५० खात्यांची मर्यादा असते आणि ती वाढवून मागता येते. सुपरवायझर, क्वालिटीची माणसे, स्टोअरचे मदतनीस यांच्यासाठी हे उत्तम. पण तीन शिफ्टमध्ये एकाच टर्मिनलवर उत्पादन नोंदवणाऱ्या ऑपरेटरला दर वेळी गूगलचे लॉगिन करायला लावू नका. पहिल्या आठवड्यातच कुणीतरी सकाळी लॉगिन करून ठेवील आणि रात्रीपर्यंत सगळ्यांचे उत्पादन त्याच्याच नावावर चढेल. तिथे टर्मिनलवर बॅज किंवा पिन ठेवा आणि त्या खात्याला उत्पादन नोंदीपलीकडे काहीही दिसू देऊ नका. हजेरीच्या बायोमेट्रिक मशीनलाही यात ओढायचे कारण नाही.

आता तुमच्या ईआरपीची खरी अडचण. ती ऑफिसातल्या सर्व्हरवर आहे, म्हणजे बहुधा लोक ब्राउझरमध्ये १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा टाकून ती उघडत असणार. गूगलला हे चालत नाही. लॉगिननंतर माणसाला परत पाठवायचा पत्ता, म्हणजे रिडायरेक्ट यूआरआय, एचटीटीपीएसवर असावा लागतो, नुसता आयपी चालत नाही आणि ‘डॉट लोकल’सारखे घरगुती नावही चालत नाही. म्हणून कंपनीच्या खऱ्या डोमेनखाली ईआरपीसाठी एक उपनाम (सबडोमेन) घ्या. ऑफिसातल्या डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणाऱ्या नोंदवहीत) ते आतल्या आयपीकडे वळवा. सर्व्हर इंटरनेटवर उघडा करायची गरज नाही. एचटीटीपीएससाठी लागणारे लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र डीएनएस नोंदीवरून पडताळून मिळते, त्यासाठी बाहेरून सर्व्हरपर्यंत कुणी पोहोचावे लागत नाही. प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त ९० दिवस असते, तेव्हा नूतनीकरण आपोआप होईल असे लावूनच उठा. हाताने करू म्हणाल तर ऐन दिवाळीच्या सुट्टीत संपेल. सर्व्हरवरून बाहेर गूगलपर्यंत मात्र रस्ता लागतो; फायरवॉलवाल्याला आधीच सांगून ठेवा.

हे झाले की बाकी सोपे. कंपनीच्याच ॲडमिन खात्यातून गूगल क्लाउडमध्ये प्रोजेक्ट उघडा, आयटीच्या मुलाच्या वैयक्तिक जीमेलमधून नाही. कन्सेंट स्क्रीनवर ‘इंटर्नल’ निवडा, म्हणजे तुमच्या संस्थेबाहेरच्या खात्याला प्रवेशच नाही. ‘वेब ॲप्लिकेशन’ प्रकारचा क्लायंट बनवा आणि ईआरपीने दिलेला रिडायरेक्ट पत्ता जसाच्या तसा टाका. शेवटची तिरकी रेघ जास्त झाली तरी ‘रिडायरेक्ट यूआरआय मिसमॅच’ असा एरर येतो, आणि पहिल्या दिवशी हाच एरर सगळ्यात जास्त दिसतो. मिळालेला क्लायंट आयडी आणि सिक्रेट ईआरपीत भरा. ईआरपीनेक्स्टमध्ये त्यासाठी ‘सोशल लॉगिन की’ नावाचे पान आहे, इतरांमध्ये नाव वेगळे असेल. सिक्रेट व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

एक तपासणी स्वतः करून बघा. गूगल खाते कुठल्याही मेल पत्त्यावर उघडता येते, जीमेलच लागते असे नाही. म्हणजे पत्त्याच्या शेवटी तुमच्या कंपनीचे डोमेन दिसते एवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे. ते खाते तुमच्या वर्कस्पेसमध्ये आहेच असे नाही. खरा पुरावा पासातल्या ‘एचडी’ नावाच्या रकान्यात असतो. वर्कस्पेसच्या खात्यालाच तो येतो आणि त्यात संस्थेचे डोमेन असते. क्लाउडवरच्या एचआर सॉफ्टवेअरवाल्याला सरळ विचारा: तुम्ही ‘एचडी’ तपासता, की मेल पत्त्याची शेपटी बघता? मायक्रोसॉफ्टच्या बाजूलाही असाच घोळ २०२३ मध्ये उघड झाला. पासातल्या मेलच्या रकान्यावर विश्वास ठेवणाऱ्या ॲपमध्ये दुसऱ्याच टेनंटचा, म्हणजे दुसऱ्याच संस्थेचा माणूस शिरू शकत होता. तिथे ‘टीआयडी’, म्हणजे टेनंटचा क्रमांक बघायचा असतो.

सॅमलचे काम ॲडमिन कन्सोलमध्येच होते: ॲप्स, मग वेब अँड मोबाइल ॲप्स, मग कस्टम सॅमल ॲप. गूगलकडचा पत्ता, एंटिटी आयडी (त्या बाजूचे ओळखनाव) आणि प्रमाणपत्र सॉफ्टवेअरमध्ये भरायचे. सॉफ्टवेअरकडचा एसीएस पत्ता (पास जिथे पोहोचवायचा तो) आणि एंटिटी आयडी गूगलमध्ये भरायचा. नेम आयडी, म्हणजे पासावरचे माणसाचे नाव, म्हणून मेल. नवे ॲप सुरुवातीला सगळ्यांसाठी बंद असते, ते विभागवार किंवा ग्रुपवार चालू करावे लागते, आणि बदल सगळीकडे पोहोचायला कधी २४ तासही लागतात. त्यामुळे चालू करून पाच मिनिटांत ‘चालत नाही’ म्हणून सेटिंग उलटसुलट करू नका. ‘ॲप नॉट एनेबल्ड फॉर युजर’ आले तर त्या माणसासाठी ॲप बंद आहे. ‘ॲप नॉट कॉन्फिगर्ड फॉर युजर’ आले तर एंटिटी आयडी दोन्हीकडे अक्षर न् अक्षर जुळतो का ते बघा. आणि तो जुळत असेल तर ब्राउझरमध्ये घरचे जीमेल आधी उघडलेले आहे का तेही बघा. क्रोममध्ये कामाचे प्रोफाइल वेगळे करून दिले की निम्म्या तक्रारी थांबतात.

गूगलच्या सॅमल प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षे असते, मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रा आयडी या लॉगिन सेवेत नेहमीची तीन. ते संपते त्या सकाळी कुणालाच लॉगिन होत नाही, आणि ज्याने बसवले तो तोवर पुण्याला गेलेला असतो. तारीख कंपनीच्या सामायिक कॅलेंडरवर टाका. एन्ट्रा मुदतीच्या ६०, ३० आणि ७ दिवस आधी मेल पाठवते. तिथे एका माणसाचा पत्ता न देता आयटीच्या ग्रुपचा द्या.

घड्याळाचेही सांगतो, कारण यात लोक दिवसदिवस घालवतात. पासावरची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते आणि मुदत काही मिनिटांची, फार तर तासाभराची. जुन्या सर्व्हरवर टाइम झोन यूटीसी ठेवून कुणी घड्याळाचे काटे हाताने भारतीय वेळेवर आणलेले असतात. पडद्यावर वेळ बरोबर दिसते, पण सर्व्हरच्या हिशेबाने तो साडेपाच तास पुढे असतो आणि प्रत्येक पास त्याला शिळा वाटतो. टाइम झोन आशिया-कोलकाता करा आणि घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून आपोआप) जुळवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ते एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायचेच आहे. त्याच निर्देशांत लॉग, म्हणजे सिस्टिममधल्या नोंदी, १८० दिवस जपण्याचे आणि सायबर घटना सहा तासांत कळवण्याचेही बंधन आहे. लॉगिन एका ठिकाणी आले की निदान हा लॉगचा भाग सोपा होतो.

डिस्पॅचच्या मुलांच्या फोनवर ईआरपीचे जुने अँड्रॉइड ॲप असेल तर ते आधी तपासा. ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमधून गूगल लॉगिन करू देत नाही, ‘डिसअलाउड युजर एजंट’ म्हणून हाकलते. ॲप सुधारून घ्यावे लागेल, तोवर फोनच्या क्रोममधून काम चालवा.

आता सोडून गेलेल्या माणसाकडे येतो, कारण मालकांचा खरा राग तिथे आहे. गूगल खाते सस्पेंड केले की नवे लॉगिन बंद होते, हे खरे. पण त्याच्या लॅपटॉपवर ईआरपी आधीच उघडी असेल तर ती ईआरपीच्या स्वतःच्या सत्रावर (एकदा झालेल्या लॉगिनवर) चालत राहते. काही सॉफ्टवेअरमध्ये हे सत्र आठवडाभर टिकते. त्याने एक्सेलमध्ये डेटा ओढायला एपीआय की (लॉगिनशिवाय डेटा देणारी चावी) काढून ठेवली असेल तर तिला गूगलशी काही देणेघेणे नसते. आणि ईआरपीत पासवर्डने शिरायचा जुना दरवाजा चालू असेल, तर सिंगल साइन-ऑन करूनही ऑडिटमध्ये तोच शेरा पुन्हा येईल. म्हणून सत्राची मुदत एका शिफ्टइतकी ठेवा, पासवर्डचे लॉगिन चाचणीनंतर बंद करा, आणि एचआरच्या नो ड्यूज फॉर्मवर आयटीची एक ओळ घाला: गूगल सस्पेंड, ईआरपीत खाते डिसेबल, एपीआय की रद्द. तिन्हींवर सही झाल्याशिवाय फुल अँड फायनल निघू नये. क्लाउडवरच्या सॉफ्टवेअरमध्ये स्किम (एससीआयएम, खाती आपोआप उघडण्या-बंद करण्याची सोय) असेल तर खाती आपोआप बंद होतात, पण ते बहुधा महागड्या प्लॅनमध्येच मिळते आणि तुमच्या आकाराला हा फॉर्म पुरतो.

सस्पेंड केलेल्या खात्याचेही पैसे लागतात, म्हणून मालक ‘डिलीटच करा’ म्हणतील. डिलीट केलेले खाते २० दिवसांच्या आतच परत आणता येते. आधी मेल आणि ड्राइव्हमधल्या फाइली त्याच्या वरिष्ठांकडे सोपवा, मग हात लावा.

उलट बाजूने, नवा माणूस पहिल्यांदा लॉगिन करतो तेव्हा काही सॉफ्टवेअर त्याचे खाते आपोआप उघडतात. सोय चांगली आहे, पण त्याला आपसूक मिळणारी भूमिका कोरी ठेवा. कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलाने सहज बटण दाबले आणि त्याला खरेदीचे दर दिसले, असे व्हायला नको. शिवाय लायसन्स माणशी असेल तर बिलही वाढते.

एकाच चावीवर सगळे आले की ती चावी जपावी लागते. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी, सगळ्यांना सक्तीची करा, आधी ॲडमिन आणि अकाउंट्सला. एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप किंवा पासकी (फोनच्या बोटाच्या ठशाने वा लॉकने लॉगिन) बरी. ज्या विभागात फोन नेऊ देत नाहीत तिथे यूएसबी सिक्युरिटी की द्या.

आणि गूगलच बंद पडले तर? १४ डिसेंबर २०२० ला पडले होते, भारतात संध्याकाळी सव्वापाचपासून सुमारे पाऊण तास. ऐन गाड्या भरायची वेळ. त्यासाठी ईआरपीत दोन आणीबाणीची ॲडमिन खाती पासवर्डची ठेवा, गूगलशी न जोडलेली. पासवर्ड लांबलचक, कागदावर, बंद पाकिटात, एक मालकांच्या तिजोरीत आणि एक अकाउंट्सच्या. वापर झाला की लगेच मेल जाईल असे लावा. तीन महिन्यांनी एकदा पाकीट उघडून चालतात का ते बघा, पासवर्ड बदला, नवे पाकीट करा. इंटरनेटची लाइन तुटली तरी हीच खाती उपयोगी पडतात, आणि औद्योगिक वसाहतीत खोदकामाने लाइन तुटणे काही नवे नाही.

पैशांचे आधी विचारा. बरेच विक्रेते सॅमल फक्त वरच्या प्लॅनमध्ये देतात आणि माणशी दर वाढतो. ‘साइन इन विथ गूगल’ खालच्या प्लॅनमध्ये असते. ते एका डोमेनपुरते मर्यादित करता येत असेल आणि पासवर्डचे लॉगिन बंद करता येत असेल तर तुम्हाला तेवढे पुरे. हे दोन्ही विक्रेत्याकडून मेलवर लिहून घ्या, फोनवर सगळेच हो म्हणतात. स्वतःच्या सर्व्हरवर कीक्लोक हे लॉगिन सांभाळणारे सॉफ्टवेअर बसवायचा सल्ला कुणी देईल. सॉफ्टवेअर उत्तम आहे आणि मोफतही, पण ते अपडेट करत राहायला माणूस लागतो. तुमच्याकडे आयटीत एकच मुलगा असेल तर नको.

चालू करताना पहिला आठवडा आयटी आणि एचआर, मग एकच विभाग, शक्यतो क्वालिटी, कारण तिथली माणसे चुका नीट लिहून देतात. अकाउंट्स सगळ्यात शेवटी, आणि तेही महिन्याच्या २१ तारखेनंतर. ७ ला टीडीएस, मग जीएसटीची विवरणपत्रे: ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी. या तारखांच्या आसपास त्यांच्या लॉगिनला हात लावलात तर पुढच्या वेळी कुणी तुम्हाला दारात उभे करणार नाही. जुना पासवर्ड प्रत्येक विभागासाठी दोन आठवडे समांतर चालू ठेवा. त्या काळात कोण अजून पासवर्डनेच शिरतोय हे ईआरपीच्या लॉगमध्ये दिसते. त्यांच्या टेबलापाशी जाऊन एकदा करून दाखवा, आणि मगच पासवर्ड बंद करा.